ल दंडाचा की पाकळ्यांचा?

शाळेत आपण पाकळीयुक्त ल गिरवलेला असतो. ब्राउझरमध्ये मराठी पान उघडलं की तोच ल कधी हिंदीसारखा, उभ्या दंडाचा दिसतो. मजकूर आपलाच, तरी वाचताना डोळा अडखळतो.

पानासोबत अक्षरांची चित्रं येत नाहीत, फक्त क्रमांक येतात. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत ल चा क्रमांक २३५४. दंडाचा असो वा पाकळ्यांचा, क्रमांक तोच; चित्र फॉन्ट पुरवतो. पान बनवणाऱ्याने दिलेली फॉन्टची यादी ब्राउझर वरून खाली तपासतो, आणि तेही अक्षरागणिक. रोबोटो फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, म्हणून इंग्रजी शब्द रोबोटोत दिसतो आणि शेजारचा मराठी शब्द भलत्याच वळणाचा. यादी संपली की यंत्रातला देवनागरी फॉन्ट कामाला येतो: विंडोजवर निर्मला यूआय, जुन्या विंडोजवर मंगल, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. तोही नसला तर रिकामे चौकोन. त्यांना 'टोफू' म्हणतात, आणि नोटो हे नाव 'नो टोफू'वरूनच आलं.

या सगळ्यात वाचकाला चूक झाल्याचा एकही संदेश दिसत नाही. फॉन्टच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ब्राउझर मुकाट्याने यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो. त्यामुळे सेटिंग बदलत बसण्याआधी प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला गेला ते पाहावं. क्रोममध्ये शब्दावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. 'कम्प्युटेड' टॅबच्या तळाशी 'रेंडर्ड फॉन्ट्स' असतं. फायरफॉक्समध्ये त्यासाठी 'फॉन्ट्स' असा वेगळा टॅब आहे.

तिथे अपेक्षित नाव नसेल तर बहुधा पानाने मागवलेली फॉन्टची फाइल पोचलेली नसते. ब्राउझर साधारण ३ सेकंद वाट पाहतो आणि पर्यायी फॉन्ट लावतो. एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, फाइल अडवत असेल, तर एक्स्टेंशनं बंद असलेल्या खासगी खिडकीत पान नीट दिसेल. फायरफॉक्समध्ये पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देणारी खूण कुणी काढून टाकली असेल, तर सगळीच पानं एका वळणाची होतात.

फॉन्ट बरोबर असूनही ल दंडाचाच असेल, तर दोष पानाच्या भाषेच्या खुणेत, म्हणजे पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या संकेतात, असू शकतो. नोटो सान्स देवनागरीच्या एकाच फाइलीत ल ची दोन्ही रूपं आहेत. पानावर मराठीचा 'एमआर' (mr) हा संकेत असला तर ब्राउझर फॉन्टकडे मराठी रूप मागतो. इंग्रजी किंवा हिंदीचा संकेत असला तर दंडाचा ल येतो. तयार साच्यावर बांधलेल्या पानात इंग्रजीचा संकेत तसाच राहून जाऊ शकतो. ही दोन अक्षरं वाचकाला कायमची बदलता येत नाहीत, पान चालवणाऱ्याला येतात. त्याला जरूर कळवा. त्याने संकेत बदलून पान पुन्हा लोड केलं की ल ला पाकळ्या फुटतात, आणि मराठी रूप असलेल्या फॉन्टमध्ये श सुद्धा आपल्या वळणावर येतो.