पोटातल्या गाठी 'निघत' नाहीत

परवा रात्री शेजारची बाई सात वर्षांच्या पोराचा सोनोग्राफी रिपोर्ट घेऊन आमच्या दारात. "काका, पोटात गाठी निघाल्यात की हो!" कागदावर होतं: मेसेंटेरिक लिम्फ नोड्स, सर्वात मोठी 14 बाय 6 मिलिमीटर.

मी डॉक्टर नाही, फिजिक्स शिकवतो. पण घोळ त्या 'गाठ' शब्दातच आहे. मेसेंटेरिक लिम्फ नोड्स म्हणजे आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी. त्या तुमच्याआमच्या सगळ्यांच्या पोटात असतातच. संसर्ग झाला की फुगतात. मोजताना आखूड बाजू बघतात. मुलांत ती 8 मिलिमीटरपर्यंत असली, तर सहसा कुणी घाबरत नाही. म्हणजे आपल्या चटणीतल्या शेंगदाण्याएवढी.

त्या दिसतात कशा, ही खरी गंमत. पोटावर फिरवतात त्या प्रोबमधला स्फटिक आवाजाचा छोटा ठोका सोडतो आणि गप्प बसून ऐकतो. ऊतींमध्ये आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो. ग्रंथी 4 सेंटिमीटर खोल असेल तर प्रतिध्वनी 52 मायक्रोसेकंदांत परत! त्या वेळेवरून खोली कळते. वारंवारता 10 मेगाहर्ट्झ असेल तर तरंगलांबी 0.15 मिलिमीटर, म्हणून चित्र बारीक येतं. पण अशा लहरी खोलवर जाण्याआधीच विरतात. पोरांची पोटं पातळ, म्हणून तिथं हे जमतं. खरा शत्रू आतड्यातला गॅस. त्याच्यावरून जवळजवळ सगळा आवाज परततो, मागचं काहीच दिसत नाही. मग डॉक्टर प्रोब हळूहळू दाबत गॅस बाजूला सारतात. ही युक्ती 1986 मध्ये नेदरलँड्सचे रेडिओलॉजिस्ट पुइलार्ट यांनी अपेंडिक्स बघण्यासाठी मांडली.

(आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळणारेही दाबतातच. अपेंडिक्स सुजलेलं असेल, तर ते चोळणं भलतंच महागात पडतं.)

नुसत्या आकड्यापेक्षा रूप महत्त्वाचं. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट, मधोमध चरबी आणि रक्तवाहिन्यांचा पांढरा पट्टा. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावला की रक्त त्या मधल्या वाटेनंच शिरताना दिसतं. ग्रंथी गोल झाली, पट्टा पुसला गेला, रक्त कडेकडेनं शिरू लागलं, की डॉक्टरांच्या कपाळावर आठी. टीबीत ग्रंथी एकमेकींना चिकटतात, मध्ये काळपट होतात. तरी पडदा बघून टीबी की लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) हे छातीठोक सांगता येत नाही. बऱ्याचदा सुईनं नमुना घ्यावाच लागतो.

पोराच्या रिपोर्टात शेवटच्या ओळीत पांढरा पट्टा शाबूत असल्याचं लिहिलं होतं. आईनं तिथवर वाचलंच नव्हतं. मागच्या आठवड्यात त्याला सर्दीताप होऊन गेलेला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. पोरगं मात्र एकच विचारत होतं, तोवर शेंगा चटणी बंद का?