बदकपालन, घरगुती

अंडी, मांस, पिसे किंवा निव्वळ हौस यांसाठी परसात बदके ठेवण्याची रीत. मराठीतील ‘बदक’ हा शब्द फारसी ‘बतक’वरून आला असावा. संस्कृत वाङ्मयातील कारंडव, चक्रवाक ही नावे रानपक्ष्यांची आहेत. तेवढ्यावरून प्राचीन भारतात बदके पाळली जात असे ठरवता येत नाही.

मूळ : मस्कव्ही सोडल्यास पाळीव बदकांच्या सर्व जाती मॅलार्ड (ॲनस प्लॅटिऱ्हिंकस) या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून निघाल्या, असे मानतात. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये यासाठी नराच्या शेपटीचा दाखला दिला. शेपटीची मधली चार पिसे वर वळलेली असणे हे बदककुलात केवळ मॅलार्ड नराचे लक्षण असून त्यांनी पाहिलेल्या पाळीव जातींतही ते आढळते. मस्कव्ही (कैरिना मोस्काटा) ही मध्य व दक्षिण अमेरिकेतील निराळी जाती असून मॉस्को शहराशी तिचा संबंध नाही. दोहोंचा संकर होतो, पण संतती वांझ निपजते.

मॅलार्ड प्रथम चीनमध्ये माणसाळला यावर बहुतेकांचे एकमत आहे. वाद आहे तो काळाबद्दल. काही अभ्यासक ही घटना नवाश्मयुगापर्यंत मागे नेतात. परंतु उत्खननात सापडलेले हाड रानबदकाचे की पाळीव, हे ओळखणे अवघड असते. त्यामुळे इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या सुमारास तेथे बदके पाळली जात असावीत, हे मत अधिक सावध वाटते. रोममध्ये व्हॅरो (इ. स. पू. पहिले शतक) व कॉल्युमेला (इ. स. पहिले शतक) हे दोघेही शेतीविषयक ग्रंथकार वरून जाळे घातलेल्या बदकवाड्याचे वर्णन करतात. रानबदकांची अंडी गोळा करून कोंबडीखाली उबवावीत, असा कॉल्युमेलाचा सल्ला आहे. जो पक्षी उडून जाऊ नये म्हणून जाळे लागते, तो पुरता माणसाळला होता असे म्हणणे कठीण.

जाती : ‘इंडियन रनर’ ही बाटलीसारखी ताठ चालणारी जात नावाने भारतीय असली, तरी ती आग्नेय आशियाई बेटांवरून युरोपात गेली. तिच्या संकरातून विसाव्या शतकाच्या आरंभास इंग्लंडमध्ये खाकी कॅम्पबेल ही जात तयार झाली. तिची मादी वर्षाला २५० हून अधिक अंडी देऊ शकते. केरळातील कुट्टनाडच्या चारा व चेंबल्ली या जाती कापणीनंतरच्या भातखाचरांत चरतात.

उबवण : भरपूर अंडी देणाऱ्या जातींच्या माद्या क्वचितच खुडूक होतात. त्यामुळे कॉल्युमेलाची कोंबडी आजही कामाला येते. मात्र तिची स्वतःची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ व मस्कव्हीची सुमारे ३५ दिवसांत. म्हणजे तिला आठवडाभर तरी जास्त बसावे लागते. अंड्यांवर अधूनमधून कोमट पाणी शिंपडतात. पिल्ले पाण्यात उतरली की कोंबडी काठावर कलकलाट करते. तिची काळजी अगदीच अनाठायी नसते. बदकीण शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीचे तेल चोचीने पिसांना लावते व ते तिच्या पंखांखालच्या पिल्लांनाही लागते, असे समजतात. कोंबडीखाली उबवलेल्या बदकपिल्लांना हे तेल मिळत नाही. ती भिजून गारठू नयेत म्हणून पहिले काही आठवडे त्यांना पोहू देत नाहीत.

निगा : तळे असलेच पाहिजे असे नाही, पण डोळे व नाकपुड्या धुण्यासाठी डोके पूर्ण बुडेल एवढे पाणी घमेल्यात हवे. बदक चोचीत कोंडा भरून घेते आणि तडक पाण्याकडे धावते; दहा मिनिटांत पाण्याची राबडी होते. म्हणून पाणी खाद्याजवळ ठेवावे, पण झोपण्याच्या जागेपासून दूर. पिल्लांना नायासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते. कमी पडल्यास पाय वाकतात. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड कटाक्षाने टाळावी, कारण अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाला बदके फार लवकर बळी पडतात. माद्या बहुधा पहाटे अंडी घालतात, त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत खुराडे बंद ठेवणे सोयीचे. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. मोठ्याने ‘क्वॅक’ करते ती मादी, नराचा आवाज घोगरा. बदक-प्लेगवर लस आहे.

हळदी-कुंकू बदक, अडई इत्यादी रानबदके पकडून पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बेकायदेशीर आहे.