‘घरी कोन कोन हाय?’

यवतमाळकडे भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालकीण आधी भाडं सांगत नाही. “बाप्पा, गाव कोनतं तुह्यं? घरी कोन कोन हाय?” हे आधी विचारते. आमच्या गावाजवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हंगामात कामाला येणाऱ्या एका तरुणानं या प्रश्नाला आजवर चार वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. तो बालगृहात वाढला. खरं सांगितलं की खोली मिळत नाही, म्हणून कधी आजी असते, कधी मामा. त्यानं हे सांगितलं तेव्हापासून घराऐवजी संस्थेत वाढलेल्या मुलांचं पुढे काय होतं, यावरचं संशोधन मी वाचते आहे.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम रोमानियातलं. १९८९ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी अनाथालयांत होती. पुढे बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ लहान मुलं अभ्यासासाठी निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. निम्मी मुलं पालक कुटुंबांत गेली, निम्म्यांची व्यवस्था होती तशीच राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जवळीक सुधारली. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा सर्वात जास्त फायदा झाला.

असं का व्हावं? संस्थेत दूध मिळतं, दुपटं मिळतं, पण पाळी बदलली की माणूस बदलतो. बाळ हुंकारतं, कुणीतरी हसून उत्तर देतं. तेच माणूस दिवसातून शंभर वेळा हे करतं, तेव्हा मेंदूतल्या पेशींचे जोड पक्के होतात. वापर नसलेले जोड मेंदू छाटून टाकतो. शरीराची धोक्याची घंटाही याच काळात जुळवली जाते. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढायला हवं. बुखारेस्टमध्ये संस्थेतच राहिलेल्या मुलांची ही प्रतिक्रिया बाराव्या वर्षीही मंद होती. लवकर कुटुंबात गेलेल्यांची मात्र सर्वसाधारण मुलांसारखी होती.

रोमानियातून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्यांचा पाठपुरावा तर ती मोठी होईपर्यंत झाला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुलं इतरांसारखीच वाढली. २०२० मध्ये रोमानियातून दत्तक गेलेल्या ६७ तरुणांच्या मेंदूच्या स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रेमळ घरात वीसेक वर्षं काढूनही त्यांच्या मेंदूचं आकारमान संस्थेत कधीच न राहिलेल्या दत्तक मुलांपेक्षा सरासरी ८.६ टक्के कमी होतं. तरीही सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला पुढे टिकून राहिलेली कुठलीच अडचण दिसली नाही.

हे आकडे उचलून आपल्या बालगृहातल्या मुलांना चिकटवू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं. ती रोमानियन अनाथालयं भीषण होती. आपल्याकडे कितीतरी मुलं सहा-आठ वर्षं आईच्या कुशीत काढून येतात. बाप गेला, आईला मजुरी पुरेना, म्हणून येतात. त्यांच्या मेंदूचा पाया घातलेला असतो. त्यांची जखम ताटातुटीची असते.

आणि ती जखम अठराव्या वर्षी पुन्हा उघडते. निर्णय तोलणारा, राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. गावातल्या पोराला हे शास्त्र ठाऊक नसलं तरी त्याचं घर त्याप्रमाणेच वागतं. बाविसाव्या वर्षीही त्याच्या परीक्षेच्या फीसाठी बाप चार पोती सोयाबीन विकतो. नोकरी सुटली तर ताटात भाकर पडते. बालगृहातल्या मुलाला मात्र अठरा पूर्ण झाली की पेटी भरावी लागते. अमेरिकेत तीन शेजारी राज्यांतल्या अशा तरुणांची तुलना झाली. इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत आधार मिळत होता, आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये बहुतेकांचा अठराच्या सुमारास सुटत होता. इलिनॉयची मुलं कॉलेजात जास्त पोचली.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवं, आणि ते कुठून काढायचं हे सांगायलाही माणूसच लागतो.

परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग, बेवारस मुलांना आपलं नाव दिलं. अठरानंतर ही मुलं जाणार कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची एक अंध मुलगी एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. नाव लावायला बाप आणि परत यायला घर असलं की काय होतं, ते तिथे दिसतं.

जिनिंगमधल्या त्या तरुणाला मी विचारलं, ताप आला तर फोन कुणाला करतोस? बालगृहात पोळ्या लाटणाऱ्या मावशीचा नंबर त्यानं पाठ म्हणून दाखवला. त्या आता थकल्या आहेत, दारव्ह्याला मुलीकडे असतात. पोळ्याच्या सणाला तो त्यांच्याकडे जातो. यंदा नवीन खोली घेताना घरमालकिणीनं नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यानं पाचवं उत्तर दिलं, “मावशी हाय माही, दारव्ह्याले,” आणि तोच नंबर लिहून दिला. खोली मिळाली.