कारखान्याच्या विषारी वायूविरुद्ध हरित लवादाकडे अर्ज: मुदत, पात्रता, कागदपत्रे

रात्री उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, मुलं खोकत उठतात. मग निवेदनं, मोर्चे, फोन. त्यात महिने जातात आणि अर्जाची मुदत हातची निघून जाते. म्हणून आधी मुदतीचंच सांगते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (म्हणजेच हरित लवाद) कायदा, 2010 च्या कलम 14 खाली पर्यावरणाच्या वादाबद्दल अर्ज करायचा, तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने मिळतात. कलम 15 खाली नुकसानभरपाई मागायला 5 वर्षं. उशिराचं सबळ कारण पटलं तर दोन्हींत आणखी 60 दिवसांपर्यंत सूट मिळू शकते, त्यापुढे नाही.

ज्याला इजा झाली तो, ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तो, मृताचे वारस आणि बाधितांची संघटनाही अर्ज करू शकते. वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. महाराष्ट्रासाठी पुण्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे.

त्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी तक्रारीला पुढे कोणी विचारत नाही. सोबत माहिती अधिकारात 10 रुपये भरून कारखान्याचं संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी) आणि तपासणी अहवाल मागा. उत्तरासाठी 30 दिवस असतात. हे संमतीपत्र फार मोलाचं: चिमणीतून कोणता वायू किती सोडायची परवानगी आहे, ते त्यातच लिहिलेलं असतं. अहवालातला आकडा त्याहून जास्त निघाला, तर तुमचं म्हणणं कागदावर उभं राहतं.

बाकी जोडायचं ते असं: ठरवून दिलेल्या नमुन्यातला अर्ज, शपथपत्र, तक्रारींच्या पोचपावत्या, दवाखान्याचे कागद, छायाचित्रं. घराघरात एक वही ठेवा; तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कोणाला काय त्रास झाला, सगळं त्याच दिवशी लिहा. आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं. लवादाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांचं भाषांतर लावावं लागतं. गावकऱ्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते, तेव्हा हे काम आधीच वाटून घ्या.

भरपाई मागितली नसेल तर शुल्क 1,000 रुपये. मागितली असेल तर रकमेच्या 1 टक्का, पण किमान 1,000. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

निकाल पटला नाही तर 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं.