ताटाची डावी बाजू

आमच्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता बरीच वर्षं झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर ती रोज जेवताना एकच कुरकुर करायची. "वहिनी, ताटात मीठ नाही. लिंबू नाही. कोशिंबीर संपली वाटतं." आई सगळं वाढत होती, पण ते सगळं ताटाच्या डाव्या बाजूला होतं. आत्या उजवीकडची भाजी संपवायची, भाताच्या मुदीचा उजवा अर्धा भाग खायची आणि हात धुवायला मागायची. ताट फिरवून ठेवलं की म्हणायची, "आत्ता वाढलंस होय?"

डोळे तपासले होते, ते चांगले होते. मग हे काय होतं? त्याचं उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला, आणि त्याचं कारण साधं आहे. जे रुग्णाला जाणवतच नाही, त्याची तक्रार तो करणार कशी?

शरीर लुळं पडतं हे मात्र सगळ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, आणि चरकसंहितेतही हा विकार वातव्याधींमध्येच येतो: वायू उजवी किंवा डावी बाजू धरतो, हालचाल थांबते, वेदना होतात, वाचा जाते. बाहेरून दिसणारं सगळं त्यात आहे. युरोपात 1658 साली योहान याकोब वेपफर या स्विस वैद्याने मृतांच्या मेंदूत रक्तस्राव दाखवला आणि वाऱ्याऐवजी रक्तवाहिन्यांकडे बोट वळलं. 1861 पासून पुढच्या काही वर्षांत पॅरिसला डॉक्टर पॉल ब्रोका यांनी वाचेचा संबंध मेंदूच्या डाव्या भागाशी जोडला. त्यानंतर कितीतरी दशकं डावा अर्धगोल मानकरी आणि उजवा पंक्तीच्या शेवटी, असाच मामला होता. बोलणं गेलं की घरातल्या सगळ्यांना कळतं. शरीराची डावी बाजू चालवणाऱ्या उजव्या भागाला इजा झालेला माणूस मात्र छान गप्पा मारतो.

जून 1914 मध्ये पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीपुढे मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी असेच काही रुग्ण मांडले. डावं अंग पूर्ण लुळं, बुद्धी शाबूत, पण लुळेपणाबद्दल अवाक्षर नाही. डावा हात हलवायला सांगितलं की कुणी काहीच करायचं नाही, तर कुणी 'झालं, हलवला' म्हणून मोकळं व्हायचं. या न जाणवण्याला बाबिन्स्कींनी अ‍ॅनोसोग्नोसिया असं नाव दिलं. हे सगळे रुग्ण डाव्या अंगाचेच होते, ही बाबही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मला यातला योगायोग गमतीचा वाटतो. तळपायावर रेघ ओढून खरा लुळेपणा आणि उन्मादातला (हिस्टेरियातला) लुळेपणा वेगळा ओळखण्याची खूण ज्यांच्या नावाने आजही शिकवली जाते, ते हेच बाबिन्स्की. धडधाकट असून 'हात हलत नाही' म्हणणारे त्यांनी आयुष्यभर तपासले, आणि इथे हात हलत नसताना 'हलला' म्हणणारे समोर उभे राहिले.

अशा माणसाला हट्टी ठरवणं सोपं असतं, आणि तो मोठ्या पदावर असेल तर त्याचा शब्द खरा मानणं त्याहून सोपं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना 1974 च्या अखेरच्या दिवशी झटका आला आणि डावी बाजू गेली. ते मात्र पत्रकारांना आपल्याबरोबर डोंगर चढायला बोलवत होते, आणि लुळ्या पायाने आपण फुटबॉल लांबवर मारतो म्हणून सांगत होते. नोव्हेंबर 1975 मध्ये ते निवृत्त झाले, तरी आपण अजून न्यायमूर्तीच आहोत अशा थाटात कामात भाग घेऊ पाहत राहिले.

खरा उलगडा झाला तो 1978 साली मिलानमध्ये, आणि तोही कसल्याही यंत्राशिवाय. एदोआर्दो बिसिआक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती यांनी आत्यासारखीच डावी बाजू लक्षातून हरवलेल्या दोन मिलानकरांना सांगितलं: शहरातल्या कॅथेड्रलच्या चौकात, कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा आणि काय दिसतं ते सांगा. त्यांनी राजवाड्याच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या खुणा सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलकडे पाठ करा. आता गॅलरीच्या (छत असलेल्या बाजाराच्या), म्हणजे मघाच्या डाव्या बाजूच्या खुणा आल्या आणि मघाचा राजवाडा गायब! स्मरणात अख्खा चौक होता, पण मनात जी बाजू डावी व्हायची ती पुसली जायची. म्हणजे दोष डोळ्यांत नव्हताच.

मग 1988 मध्ये ब्रिटनमध्ये मार्शल आणि हॅलिगन यांनी अशाच एका रुग्ण बाईला घराची दोन चित्रं दाखवली. एका घराच्या डाव्या बाजूला आगीच्या ज्वाळा होत्या. बाई म्हणाल्या, दोन्ही सारखीच. पण राहायला कोणतं आवडेल, असं विचारलं की बहुतेक वेळा बोट न जळणाऱ्या घरावर. म्हणजे न जाणवलेलंही आत कुठेतरी नोंदलं जात होतं.

कानात गार पाणी सोडण्याचा प्रयोग तर जादूटोण्यासारखा वाटावा. डाव्या कानात थंड पाणी सोडलं की तोल सांभाळणारी यंत्रणा चाळवते आणि थोडा वेळ डावी बाजू पुन्हा जाणवू लागते. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात लुळेपणा नाकारणाऱ्या एका वृद्ध बाईंवर हे करून पाहिलं. पाण्यानंतर त्यांनी सरळ कबूल केलं की हात लुळा आहे, बरेच दिवस आहे. काही तासांनी पुन्हा 'हात उत्तम आहे'!

इतकं कळूनही मोजमाप अजून मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे झुकलेलंच आहे. झटक्याची तीव्रता मोजायला जगभर वापरतात त्या एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) मापनात 42 गुण असतात. त्यातले 7 भाषेशी निगडित आहेत, एक बाजूच न जाणवण्याला, म्हणजे एका बाजूच्या दुर्लक्षाला मात्र 2. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेवढ्या वेळात दवाखान्यात पोचायचं तर आधी कुणाला तरी शंका यायला हवी.

झटका आला त्या संध्याकाळी आत्याच्या हातून पेला सुटला होता. "हात अवघडलाय जरा," ती म्हणाली, आणि नेहमीसारखंच स्पष्ट म्हणाली. "मला काहीही झालेलं नाही, झोपू द्या." आम्ही तिचं ऐकलं. दवाखान्यात न्यायला सकाळ उजाडली.