अक्षरांमागचा उजेड

२००७ साली मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा ही संगणकप्रणाली बाजारात आली आणि पडद्यावरच्या खिडक्यांच्या कडा काचेसारख्या झाल्या. दिसायला झकास, पण त्या काचेवरचा काळा मजकूर वाचायचा कसा? मागे गर्द रंगाचा वॉलपेपर आला की अक्षरं बुडालीच. म्हणून शीर्षकाच्या अक्षरांमागे पांढुरका, धूसर उजेड सोडला गेला. वरवर ती सजावट वाटे. खरी गरज वाचता येण्याची होती.

हा उजेड म्हणजे अक्षराचीच पुसट केलेली, एकरंगी प्रत. ती आधी काढायची, तिच्यावर मूळ अक्षर. पुसट करताना प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांची सरासरी द्यायची. जवळच्याला वजन जास्त, लांबच्याला कमी. उजेड चहूकडे १० पिक्सेल पसरवायचा तर एकेका पिक्सेलसाठी २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ पिक्सेल हिशेबात घ्यावे लागतात. पण ही वजनं गाउसच्या घंटेसारख्या वक्रातून घेतली, तर आधी आडवं आणि मग उभं पुसट करून तेच उत्तर मिळतं. ४४१ ची २१ अधिक २१, म्हणजे ४२ वर बोळवण! ३०० बाय ४० पिक्सेलच्या ओळीला जवळजवळ ५३ लाख गुणाकार लागणार होते, ते ५ लाखांत भागतं.

व्हिस्टातली खरी फजिती वेगळीच. जीडीआय या विंडोजच्या पडद्यावर अक्षरं-चित्रं काढायच्या जुन्या पद्धतीनं काचेवर काळा मजकूर काढला तर तो चक्क गायब व्हायचा. जीडीआयला लाल, हिरवा, निळा एवढंच ठाऊक; अपारदर्शकतेचा चौथा आकडा ते शून्यावर ठेवून मोकळं. काळा म्हणजे तिन्ही शून्य, त्यात चौथाही शून्य, म्हणजे उरली निव्वळ काच. त्यावर ड्रॉथीमटेक्स्टईएक्स हे फंक्शन आलं. ते चौथा आकडाही नीट भरतं आणि उजेड किती पसरवायचा तेही त्यालाच सांगता येतं.

डब्ल्यूपीएफ या विंडोज प्रोग्रामांचे पडदे रचायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात तर सावलीलाच कामाला लावतात: सावलीचं अंतर शून्य केलं की ती अक्षराभोवती सारखी पसरते. रंग उजळ दिला की झाला उजेड. मला ही युक्ती फार आवडते.

मराठी मजकुराला मात्र दोन पथ्यं. एकेक अक्षर सुटं उजळवू नका. शिरोरेषेच्या सांध्यांवर उजेड दुप्पट होऊन ठिपके उमटतात. आख्खी ओळ एकदम घ्या. आणि चित्राची चौकट चारही बाजूंनी उजेडाच्या पसाऱ्याइतकी मोठी ठेवा, नाहीतर ‘मी’च्या वेलांटीवरचं तेज कात्रीनं कापल्यासारखं सपाट दिसतं.