द्रव यीस्टचा स्टार्टर: पाकीट उघडण्याआधी हे वाचा

बिअर आंबवायला घेतलेल्या पाकिटातलं द्रव यीस्ट जिवंत असतं आणि भरल्या दिवसापासून त्यातल्या पेशी हळूहळू मरत असतात. फ्रिजमध्ये हा वेग मंदावतो, पण थांबत नाही. म्हणून सगळ्यात आधी पाकिटावरची तारीख बघा.

२० लिटर मध्यम गोडीच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) रसाला (रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०४८ च्या आसपास) एलसाठी, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरसाठी, साधारण १८,००० कोटी पेशी लागतात, थंडीत आंबवायच्या लागर बिअरसाठी त्याच्या दुप्पट. द्रव यीस्टच्या बऱ्याच पाकिटांत ताजेपणी सुमारे १०,००० कोटी पेशी असतात, म्हणजे पाकीट नवं असलं तरी तूट आहेच. कमी यीस्ट टाकलं तरी आंबणं बहुधा सुरू होतं, पण ते उशिरा, आणि त्या मोकळ्या वेळात दुसरे जंतू हात धुऊन घेतात. शिवाय ताणाखाली वाढलेलं यीस्ट नको ते वास सोडतं. ही तूट भरून काढायला स्टार्टर लावायचा, म्हणजे मुख्य रसात टाकण्याआधी यीस्ट थोड्या माल्टच्या रसात वाढवून घ्यायचं.

सुकं यीस्ट घेतलं असेल तर या खटाटोपाची गरज नाही. पाकिटावर वेगळी सूचना नसेल तर ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या उकळून निवलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि वापरा.

द्रव यीस्टसाठी १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुकी माल्ट पावडर विरघळवा. पाकीट जुनं असेल किंवा लागर करायची असेल तर २ लिटरला २०० ग्रॅम घ्या. रस १.०३६ च्या आसपास येतो. जास्त गोड केला तर यीस्ट जास्त वाढेल असं वाटतं, पण दाट रसात पेशींवर ताण येतो, त्यामुळे हे प्रमाण वाढवू नका. माल्टऐवजी साखरही नको. साखरेवर वाढलेल्या यीस्टला माल्टोज (माल्टच्या रसातली मुख्य साखर) पचवायची सवय राहत नाही आणि नेमक्या मोठ्या भांड्यात ते अडखळतं.

रस दहा-पंधरा मिनिटं उकळा. पहिला फेस एकदम वर येतो, त्यामुळे भांडं मोठं घ्या आणि तेवढा वेळ समोरून हलू नका. मग झाकण ठेवून थंड पाण्यात बसवा. रस २० ते २५ अंशांवर येईपर्यंत यीस्ट घालायचं नाही.

इथून पुढे स्वच्छतेत अजिबात सूट नाही. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तुमच्या पाकिटातला एकच निवडलेला वाण त्याच वाटेने आलेला आहे. पण स्टार्टरमध्ये चुकून जंगली यीस्ट शिरलं तर आपण त्यालाही तितक्याच प्रेमाने वाढवतो. म्हणून बरणी, नरसाळं, कात्री आणि पाकिटाची बाहेरची बाजू, सगळं जंतुनाशकाच्या पाण्यातून काढा.

यीस्ट घातल्यावर बरणीच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैल बसवा. घट्ट झाकण कधीही लावू नका, आत साठणाऱ्या वायूने काच फुटू शकते. जाता-येता बरणी गोल फिरवून घुसळत राहा. चुंबकीय ढवळणी असेल तर उत्तमच. नव्या पेशींचं आवरण घडवायला लागणारे स्टेरॉल यीस्ट ऑक्सिजन मिळाला तरच बनवू शकतं, आणि उकळताना रसातला ऑक्सिजन बहुतेक निघून गेलेला असतो. घुसळल्याने तो परत मिळतो आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो.

फेस दिसला नाही म्हणून घाबरून आम्हाला फोन करणारे बरेच ग्राहक असतात. फेस कधी रात्रीतच येऊन बसून गेलेला असतो. रस गढूळ, दुधट झाला का आणि घुसळणं थांबवल्यावर तळाशी पांढुरका साका बसतो का, हे बघा. साका बसत असेल तर यीस्ट वाढलं आहे. साधारण २४ ते ३६ तासांत काम होतं.

स्टार्टर लहान असेल तर तसाच ओता. २ लिटरचा असेल तर एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, वरची निवळ ओतून टाका आणि साका हलवता येईल इतकाच द्रव मागे ठेवा. त्या निवळीची चव चांगली नसते, ती मुख्य रसात कशाला घालायची? वापरण्याआधी साका बाहेर काढून मुख्य रसाच्या तापमानाजवळ येऊ द्या.

ओतण्याआधी वास घ्या. पावासारखा किंवा हलका फळांसारखा वास ठीक. काही लागर यीस्टांना थोडा गंधकाचा वास येतो, तोही चालतो. व्हिनेगरसारखा आंबट झणका आला किंवा वर केसाळ बुरशी दिसली तर स्टार्टर सरळ फेकून द्या. त्याला उकळून वाचवता येत नाही. अशा वेळी पाकिटावरचा लॉट क्रमांक आम्हाला जरूर कळवा.